इतिवृत्तात न लिहिलेलं

बैठक शाळेच्या खोलीत होती.
पत्र्यावर पाऊस, शेगडीत ओलं लाकूड,
पोरांच्या बाकांत गुडघे अडकून बसलेली मोठी माणसं.
अकरा वर्षं मी या कोळीवस्तीचं इतिवृत्त लिहिते.
कोण काय म्हणालं, तेवढंच.

सान्तियागोहून इंजिनियर आला होता,
फर्मिन ओसेस. भला माणूस.
"आकडे खोटं बोलत नाहीत," सात वेळा म्हणाला.
मी मोजलं, कारण सातही वेळा
मागच्या बाकावरून रोसेन्दा खोकली.
भिंतीवर त्याचा आलेख:
खाली वर्षं, बाजूला मीटर, मधून चढत गेलेली निळी रेघ.
किनाऱ्यालगतची घरं टेकडीवर न्या, म्हणाला,
समुद्र पुन्हा येणार आहे.
त्याच्या बुटांना चिखल नव्हता.
ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.
आलेख कुणी पाहिला, माहीत नाही.
बाजूनं पाच, विरुद्ध एकतीस. ठराव नामंजूर.

एलेउतेरिओ कायुमान त्या बैठकीत बोललाच नाही,
म्हणून त्याचं नाव फक्त हजेरीत आहे.
धक्क्यावर चाळीस वर्षं मासळी तोलली त्यानं.
काटा स्थिर होईतो दोन्ही तळवे
छातीसमोर उघडे धरायचा,
समोर कुणी बघो न बघो.
त्याच्या शब्दाला वजन होतं, असं लिहिलं असतं
तर हसला असता.
वजन माशाला असतं, पोरी.

दुसऱ्या सकाळी त्यानं चर्चला शिडी लावली.
आम्हाला वाटलं, घंटेचं काही काम असेल.
थेट घंटेच्या खिडकीपर्यंत चढला,
खिळा ठोकला,
आणि खिशातून काढून अडकवला
एक लाल लोकरी मोजा. लहान. टाचेशी रफू केलेला.

खाली उतरून म्हणाला,
"नीएवेसचा.
लाट ओसरल्यावर बाबाला इथं सापडला.
नीएवेस नाही सापडली."
आणि शिडी खांद्यावर टाकून घरी गेला.

बायका माना वर करून उभ्या राहिल्या.
मग रोसेन्दानं, कुणी न सांगता,
आपला नातू उचलून डोक्यावर धरला, हात उंच करून,
आणि तरी मोजा कितीतरी वर होता.
ती खोकली नाही.

रविवारी पुन्हा बैठक. तोच ठराव, तेच आकडे.
फर्मिन ओसेस आलाही नव्हता, त्याचं पत्र मी वाचून दाखवलं.
बाजूनं चौतीस.
मी लिहिलं: चर्चेअंती पटलं.
चर्चा झाली नव्हती.

दोन हिवाळ्यांत घरं वर गेली.
ओंडक्यांवर ठेवून, बैल जुंपून, काही तर चुलीसकट.

चर्चच्या छपरासाठी कर्ज काढायचं निघालं
तेव्हा जुनी कागदपत्रं माझ्याकडे आली.
पायाच्या दगडाची पावती, सुताराची मजुरी, घंटेचं भाडं.
सगळं लाटेनंतरच्या तिसऱ्या वर्षाचं.
लाट आली तेव्हा इथं
ना भिंत होती, ना घंटा,
खिळा ठोकायला हवा तेवढी होती.

त्या काळचे आता तिघंच उरलेत.
एकीला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही.
तिसऱ्याकडे मी गेले.

तो जाळं विणत होता. मी पावती पुढं धरली.
त्यानं ती वाचली, सावकाश, बोट फिरवत, दोनदा.
"मोजा तिचाच आहे," म्हणाला.
मी म्हटलं, आणि उंची?
त्यानं सुई खाली ठेवली
आणि दोन्ही हात खिशात घातले.

समुद्र अजून आलेला नाही.
मोज्याचा लाल उडून गेलाय, आता तो
भिजलेल्या विटेच्या रंगाचा दिसतो,
आणि शाळेची नवी बाई पोरांना तिथं नेते
नि विचारते, सांगा, पाणी कुठवर आलं होतं?
चाळीस बोटं वर जातात.

पावती माझ्या कपाटात आहे.
इतिवृत्ताच्या वहीत मावली असती.